अननसाचा शेंडा: कचऱ्यातून कुंडीत

अननसवाला सुरी चालवायला लागला की पहिल्याच घावात शेंडा उडतो आणि थेट कचऱ्याच्या टोपलीत जातो. तो मागून घ्या. "दादा, तेवढा वरचा तुरा द्या ना", की देतो लगेच, पैसे पण घेत नाही. फक्त मधली कोवळी पानं हिरवीगार आहेत ना ते बघायचं.

आता खाली चिकटलेला गर सगळा काढा, राहिला तर कुजणार आणि घरभर चिलटं. मग खालची पानं एकेक करून सोलायची, इंचभर देठ उघडा पडेपर्यंत. नीट बघा, देठावर तपकिरी बारीक बारीक टिपके दिसतात ना, ती मुळं आहेत, आधीपासून तयारच बसलेली. असा शेंडा चार-पाच दिवस सावलीत नुसता ठेवून द्यायचा, कापलेली बाजू सुकू द्यायची. हीच पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात आमचा सडला.

ग्लासात पाणी घालून मुळं फुटलेली बघायला मजा येते, मान्य, पण गरज नाही, थेट मातीत लावलं तरी चालतं. कुंडी बारा इंची, खाली भोकं, मातीत वाळू किंवा कोकोपीट आणि थोडं गांडूळखत. ऊन भरपूर. पाणी मात्र बेतानं, कारण अननसाचा कारभारच उलटा आहे, बहुतेक झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात, हा उघडतो रात्री, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतो आणि दिवसा उन्हात वापरतो, त्यामुळे पानातलं पाणी फारसं उडतच नाही. म्हणजे गावाला गेलात आठवडाभर तरी हा मरत नाही, रोज पाणी घालणाऱ्या माणसाच्या हातून मात्र मरतो.

मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आला. आज कोकणात आणि गोव्यात परसात सहज दिसतो.

आता खरी गोष्ट. तीन महिन्यांत फळ दाखवणारे व्हिडिओ असतात ना, ते सोडून द्या. शेंड्यापासून लावलेल्या झाडाला फूल यायलाच दीड-दोन वर्षं, कुंडीत कधी त्याहून जास्त, आणि पुढे फळ पिकायला अजून पाच-सहा महिने. झाड चांगलं मोठं, तीसेक पानांचं झालं आणि तरी ढिम्म असेल तर एक जुगाड आहे, पिकलेलं सफरचंद कुंडीत ठेवून सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची काही दिवस, सावलीत हं, उन्हात झाड शिजेल. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्याने अननस फुलावर येतो. शेतकरी हेच काम इथेफॉन, म्हणजे इथिलीन सोडणारं रसायन, फवारून करतात.

मग मधोमध लालसर कोंब, त्यावर खालून वर रोज थोडी थोडी जांभळी फुलं. प्रत्येक फुलाचा एक डोळा, आणि शंभर-दोनशे डोळे एकमेकांना चिकटून एक अननस. फळ कुंडीत छोटंच येतं. बुडापासून पिवळं होईपर्यंत काढू नका, तोडल्यावर ते आणखी गोड होत नाही.

फळ दिलं की मूळ झाड हळूहळू संपतं, पण लगेच उपटू नका. बुडाशी मुनवे, म्हणजे बाजूची नवी रोपं, फुटतात, ते वीतभर झाले की वेगळे करून लावा. शेंड्यापेक्षा त्यांना फळ लवकर धरतं, बागायतदार म्हणूनच शेंडे सोडून मुनवे लावतात.