पेशीच्या पोटातला खबऱ्या

लेसर म्हटलं की इथल्या निम्म्या मंडळींना मोतीबिंदू आठवला असेल. (जाता जाता सांगतो, ज्याला आपण सर्रास 'लेसरचं ऑपरेशन' म्हणतो, त्यात भिंग बहुतेक वेळा अल्ट्रासाउंडनं फोडतात.) लेसर म्हणजे कापणारं, जाळणारं काहीतरी, ही समजूत पक्की आहे. आज मी सांगणार आहे तो जिवंत पेशीच्या आत बसणारा लेसर, त्याच्यात तेवढी ताकदच नाही. मुंबई पोलिसांच्या भाषेत सांगायचं तर तो खबऱ्या आहे. आत राहतो, बाहेर बातमी देतो.

केस कापायच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात. आपलंच डोकं रांगेनं दिसत जातं. लेसरमध्येही दोन आरसे, मधे प्रकाश वाढवणारं द्रव्य, आणि त्या द्रव्याला बाहेरून ऊर्जा. प्रकाश येरझाऱ्या घालतो, दर खेपेला वाढतो, थोडा बाहेर निसटतो. १९६० साली थिओडोर मेमन यांनी मधे माणकाचा स्फटिक ठेवला होता. २०११ मध्ये माल्टे गॅदर आणि सोक ह्युन युन यांनी बोस्टनमध्ये त्या जागी माणसाची एक पेशी ठेवली. जिवंत!

पेशीत एका जेलीफिशचं जनुक घातलेलं होतं. त्यामुळे तिच्यात हिरवं चमकणारं प्रथिन तयार होत होतं. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली शोधलेलं हेच ते प्रथिन, ज्याला २००८ चं नोबेल मिळालं. पावसाळ्यात जुहूला वाळूवर येतात आणि पोरांना डसतात ते निळे फुगे वेगळे. ही जेलीफिश उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. दोन आरशांत अंतर किती, तर मिलिमीटरचा साधारण पन्नासावा भाग. निळ्या प्रकाशाचे झटके दिले, पेशीतून हिरवा लेसर आला, आणि पेशी जिवंत राहिली.

आता शरीरात आरसे कसे नेणार? विजापूरच्या गोलघुमटात सज्जाच्या भिंतीशी कुजबुजलं की पलीकडे ऐकू येतं, कारण आवाज भिंतीला धरून फिरतो. बारीक गोल मण्यात प्रकाशही तसाच कडेकडेनं फिरतो, म्हणजे वेगळा आरसा नकोच. २०१५ मध्ये युन यांच्या आणि स्कॉटलंडमध्ये गॅदर यांच्या गटानं असे चमकणारे मणी पेशींच्या आत पोचवले. काही पेशी ते आपणहून गिळतात. डुकराच्या चरबीच्या पेशीत तर मणी आयताच मिळाला: चरबीचा थेंब. रंगद्रव्य तेवढं घालावं लागलं.

यातून बातमी काय मिळते? प्रकाश इंद्रधनुष्यासारखा रंगांत फोडून पाहिला, तर साध्या चमकणाऱ्या रंगाचा पट्टा रुंद असतो, त्यामुळे मोजकेच रंग वेगळे ओळखू येतात. लेसरची रेघ अतिशय बारीक. मण्याचा आकार किंचित बदलला की रेघांची जागा बदलते, म्हणून हजारो पेशींना ज्याचा त्याचा नंबर देता येतो. गाडीच्या पाटीसारखा. कर्करोगाच्या गाठीतली कुठली पेशी कुठे सरकली, याचा माग असा काढता येईल.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हृदयाचा प्रयोग. २०२० मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या गटानं हृदयाच्या पेशींत हे मणी ठेवले. पेशी आकसली की मण्याभोवतीचा द्रव किंचित दाट होतो आणि रेघ सरकते. ईसीजी अख्ख्या हृदयाचा असतो. इथे एकेका पेशीचा ठोका मोजला, तोही जिवंत झेब्राफिशमध्ये. हा मासा आपल्याच उपखंडातला, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा.

माणसाच्या हृदयाशी मात्र गाडी अडते. मण्याला पेटवणारा प्रकाश बाहेरून यावा लागतो, आणि मांसात तो फार खोल जात नाही, विखुरतो. टॉर्चवर तळहात ठेवून बघा, बोटं लाल दिसतात, पण आतलं हाड काही दिसत नाही.