ग्रॅनबीच्या चार गल्ल्या

(लाल विटांच्या घरांची रांग. पत्रे ठोकलेल्या खिडक्या.)

इंग्लंडमधलं लिव्हरपूल शहर, टपाल विभाग ८, टॉक्सटेथ. ग्रॅनबीच्या चार गल्ल्या इथेच. या पत्र्यावर रंगवलेला पडदा नीट बघा. घर रिकामं, पण गल्ली ओसाड दिसायला नको, म्हणून शेजाऱ्यांनीच ब्रश हातात घेतला.

गोदीत आणि बोटींवर राबणारी माणसं या भागात राहायची. ब्रिटनमधल्या सर्वात जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. 1981 च्या जुलैमध्ये पोलिसांवरचा राग इथे रस्त्यावर उतरला, दंगल पेटली. नंतर माणसं पांगली. कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, आणि भाड्याने घरं देणाऱ्या संस्था घरं ताब्यात घेत गेल्या, आणि ती पाडायची वाट बघत तशीच पडून राहिली.

2002 मध्ये लंडनहून ‘पाथफाइंडर’ योजना आली. घरं महाग झाली की सरकार हवालदिल होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. इथली तक्रार उलटी होती: मागणी नाही, घरं फार स्वस्त आहेत. उपाय काय, तर पाडा, म्हणजे उरलेल्यांचा भाव चढेल. ज्यांना ती स्वस्ताई परवडत होती, त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं. 2011 मध्ये पैसाच आटला आणि योजना गुंडाळली गेली.

(केर्न्स स्ट्रीट. फुटपाथवर कुंड्या, वेली, टेबलं.)

तोवर इथल्या बायकांनी वाट बघणं सोडलं होतं. आधी झाडलोट, मग कुंड्या, मग महिन्यातल्या एका शनिवारी भर रस्त्यात बाजार. 2011 मध्ये त्यांनी ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’, म्हणजे जागा रहिवाशांच्याच हाती ठेवणारी संस्था, उभा केला आणि पुढे केर्न्स स्ट्रीटवरची दहा घरं मिळवली. दुरुस्तीला लंडनचा ‘असेंबल’ हा तरुण वास्तुकारांचा गट आला.

(कार्यशाळा. हातांचे क्लोजअप.)

विटा आणि स्लेटच्या तुकड्यांचा हा ढीग या गल्ल्यांमधलाच मलबा आहे. तो सिमेंटमध्ये कालवून साच्यात ओततात. वाळल्यावर घासत जायचं, घासत जायचं, की विटेचा लाल ठिपका वर येतो. ही झाली शेगडीभोवतीची चौकट. आणि या दाराच्या मुठी मातीच्या आहेत. बार्बेक्यूत लाकडाचा भुसा भरून धुरावर भाजायच्या. प्रत्येकीवर काळा डाग वेगळा उमटतो. कारखान्यात असा माल ‘रिजेक्ट’ झाला असता. 2015 मध्ये या कामासाठी ‘असेंबल’ला टर्नर पुरस्कार मिळाला, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, 25,000 पाउंडांचा.

(काचेचं छत. आत हिरवीगार झाडं.)

या दोन घरांच्या आतले मजलेच कोसळले होते. पुन्हा खोल्या काढण्याऐवजी वर काच बसवली, खाली झाडं लावली. 2019 पासून ही सगळ्या गल्लीची बाग.

दहा घरांपैकी पाच विकली, पाच माफक भाड्याने दिली. विकलेल्यांना अट आहे: पुढे कधीही विका, भाव बाजार ठरवणार नाही, तो या भागातल्या लोकांच्या कमाईशी बांधलेला राहील. आमच्या मते टर्नरपेक्षा हा कागद मोठा. पण कागदाचं चित्रीकरण काय करणार!

(जवळच्या ‘वेल्श स्ट्रीट्स’. नवे रंगवलेले दरवाजे.)

इथली पाडापाडी 2015 च्या जानेवारीत मंत्री एरिक पिकल्स यांनी रोखली. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार जन्मला ते मॅड्रिन स्ट्रीटवरचं नऊ नंबरचं घर त्याआधीच, 2012 मध्ये, पाडापाडीतून वगळलं होतं. पुढे घरं छान दुरुस्त झाली, पण ती खासगी कंपनीने, बाजारभावाने भाड्याला. कमी पगारवाल्यांना सरकार देतं तो भाडेभत्ता 2016 ते 2020 गोठवलेला होता, पुढे 2024 पर्यंत पुन्हा तेच. भाडी वाढायची थांबली नव्हती.

आणि केर्न्स स्ट्रीटवर ट्रस्टने वाचवलेली घरं मोजकीच.