मालकास्नी ठावं

नमस्कार मैत्रिणींनो.

मागं आपल्या कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात एका घरी सोप्यात बसले होते. समोर मावशी चपलेची वेणी घालत होती. चामड्याच्या बारीक वाद्या, आणि बोटं इतकी झरझर चाललेली की नजर ठरेना. सहज विचारलं, "मावशी, ही जोडी बाजारात कितीला जाते?"

"ते मालकास्नी ठावं."

आपल्याकडं नवराही मालक आणि माल उचलणारा व्यापारीही मालक. तिला नेमका कोण म्हणायचा होता, मी विचारलं नाही. भाव तिला कुणीच सांगितला नव्हता.

चपलेचं नाव कोल्हापुरी. पण २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावायची सरकारी मान्यता, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: तिकडचे महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, इकडचे कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, चप्पल आधीच एकत्र नांदते! बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता शिवलेला तळ. कातडं कापायचं पुरुषांनी. वेणी, शिवण बहुतेक बायकांकडं. आणि त्या कामाला घरात म्हणतात काय? 'हातभार'. हातभाराला मजुरी नसते.

आमच्या निपाणीची बिडीवाली बघा. मजुरी तुटपुंजीच, पण हजार बिड्यांचा दर तिला तोंडपाठ. छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, जास्त काढली तर ठेकेदाराशी भांडते. भांडायला आकडा लागतो, तो तिच्यापाशी आहे.

शिलाई मशीन वाटल्याचे फोटो आपण खूप बघतो. कापड कुठनं आणायचं, झबलं कितीला विकायचं, हे त्या फोटोत नसतं. सौंदत्तीच्या डोंगराला, यल्लम्माला सोडलेल्या बायकांचं तर आणखी अवघड. १९८२ च्या कायद्यानं देवदासी सोडायला बंदी आली, पण पोटाचं काय? त्यांच्या घरात मालक नाही, तरी त्यांच्या कामाचा भाव दुसराच कुणी ठरवतो.

म्हणून बचत गटात कर्जाच्या हप्त्याआधी एक गोष्ट करा. जोडीला कातडं केवढ्याचं, वेणीला किती तास, दुकानात विक्री किती, हे पोरांच्या वहीत लिहा. दुकानातला भाव विचारायला जायला २०२३ पासून आपल्या कर्नाटकाच्या बसला बायकांना शून्याचं तिकीट आहेच.

ती मावशी गेली. हद्दीवरच्या कागवाडपर्यंत फुकट, पुढं महाराष्ट्रात मिरजेला पैसे मोजून. दुकानात आपली वेणी ओळखली, भाव विचारला.

दुकानदार म्हणाला, "घ्यायची का, मावशी?"

"नको. वेणी मीच घातलीया."