शंभर मीटरची फायनल, आणि धावणारा एकच

नमस्कार मंडळी. सप्टेंबर 2023, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चाललीये. पुरुषांच्या शंभर मीटरच्या फायनलला आठ जण पळणार होते. स्टार्ट लाइनवर आला एक! बाकीच्यांपैकी कुणाला क्रॅम्प आला, कुणाचा स्नायू आखडला. योगायोग असा की त्याच दिवशी ‘नाडा’ची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची, माणसं खेळाडूंच्या तपासणीसाठी नमुने घ्यायला आली होती. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सिरिंजचा व्हिडिओही तेव्हाच फिरत होता. ज्युनियर गटातली एक मुलगी तर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, संपल्यावर थांबलीच नाही. फिनिश लाइन ओलांडून ती पुढे पळतेय आणि अधिकारी तिच्या मागे!

हसू येतं, मलाही आलं. पण जिथे ना टीव्हीचा कॅमेरा, ना जाहिरातीचा पैसा, तिथे कुणी सुई कशाला टोचून घेईल?

सर्टिफिकेटसाठी. आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. रेल्वे आहे, पोलीस आहे, सैन्यदल आहे. ज्या घरात क्लासची फी भरणं जड जातं, त्या घराला राज्य स्पर्धेतलं ब्राँझ म्हणजे पगाराची पहिली पायरी. खेळ शिस्त लावतो वगैरे आपण बक्षीस समारंभात ऐकतोच. मला मात्र खेळाची खरी किंमत दुसरीकडे दिसते. इथे निकाल चारचौघांच्या डोळ्यांदेखत लागतो. पाठ टेकली की टेकली. तिथे आडनाव चालत नाही, आमदारांची चिठ्ठी चालत नाही.

आता त्यात एकाने स्टेरॉइड घेतलं, की चौथा आलेला पोरगा गप गावी परततो. आपण कमी पडलो असंच त्याला वाटतं. आपली नोकरी कुणी नेली, हे त्याला कधी कळतसुद्धा नाही.

म्हणूनच डोपिंगचा, म्हणजे उत्तेजकं घेण्याबद्दलचा, नियम इतका कडक आहे. तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची, मग ते आत कसंही गेलेलं असो. हा नियम किती जिव्हारी लागतो ते पैलवान नरसिंग यादवच्या प्रकरणात दिसलं. वडील मुंबईत दुधाचा धंदा करणारे. पोरानं महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीनदा जिंकली, पोलिसांत डीवायएसपी झाला. 2015 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्यानं 74 किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा आणली. ऑलिंपिक पदकविजेत्या सुशील कुमारनं त्याच जागेसाठी निवड चाचणी मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही नरसिंगचीच जागा टिकली. आणि जून 2016 मध्ये, सोनीपतच्या सरावात घेतलेल्या नमुन्यात मेथॅनडायनोन सापडलं. हे स्नायू वाढवणारं जुनं स्टेरॉइड.

माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं. 1 ऑगस्टला नाडाच्या समितीनं ते मान्य केलं. जागतिक संस्था ‘वाडा’नं त्यावर अपील केलं. 18 ऑगस्टला रिओमध्ये क्रीडा लवादासमोर तज्ज्ञांनी सांगितलं, की त्या नमुन्यातलं प्रमाण पाण्यात पूड मिसळल्यासारखं नाही, गोळी घेतल्यासारखं आहे. कट झाल्याचा पुरावाही लवादाला पुरेसा वाटला नाही. चार वर्षं बंदी! दुसऱ्या दिवशी त्याची कुस्ती होती. 74 किलोत भारताकडून मॅटवर कुणी उतरलंच नाही.

तालमीतली बरीच मंडळी आजही म्हणतात, पोराचा घात झाला. मी ते खोटं ठरवायला बसलेलो नाही. पण ‘कुणीतरी मिसळलं’ एवढ्यावर सुटका व्हायला लागली, तर उद्या प्रत्येकाच्या दुधात कुणीतरी काहीतरी मिसळलेलं निघेल. आणि तो चौथा आलेला पोरगा? त्याच्या बाजूनं उभं राहणारा हा एकच नियम आहे.

एक आकडा ऐका. 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले गेले, त्यातल्या 213 नमुन्यांत बंदी असलेलं काहीतरी सापडलं. म्हणजे 3.8 टक्के. मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत एवढं प्रमाण दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

आता भरतीची तयारी करणाऱ्यांनो, जरा कान द्या. जिममधले सर लेबल नसलेली पावडर देत असतील तर घेऊ नका. ‘ग्राउंडपुरती एकच सुई’ म्हणत असतील तर तिथून निघा. साध्या औषधांचंही बघून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की अडकलात. डॉक्टरांना आधीच सांगा, मी स्पर्धा खेळतो. आणि खरोखरच एखादं बंदी असलेलं औषध आजारासाठी लागत असेल, तर त्याची परवानगी मिळू शकते. अर्ज मात्र नाडाकडे करायचा, जिमच्या सरांकडे नाही.