खिडकी किती उंच आहे?

सेट म्हटलं की आपल्याला आठवतात झुंबरं, पडदे, गोल जिने. 'काय भारी सेट होता!' म्हणतो आणि मोकळे होतो. खरं सांगू? नुसता सेटच लक्षात राहिला, तर तो बहुधा गोष्टीच्या बाहेर राहिलेला असतो. मी आज सजावटीबद्दल बोलणारच नाहीये. माणसाला उभं कुठे केलंय आणि त्याच्याभोवती काय ठेवलंय, एवढंच बघू.

१९४१ चा 'सिटिझन केन' हा चित्रपट घ्या. बर्फात एक पोरगा खेळतोय. कॅमेरा मागे येतो, तेव्हा कळतं, आपण त्याला खिडकीतून बघत होतो. कॅमेरा येतोच आहे मागे. आता पुढ्यात टेबल. टेबलाशी आई आणि बँकवाला, समोर कागद. बाप मधे कुठेतरी उभा, कुरकुर करतोय. टेबलापर्यंत काही पोचत नाही. आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत, पोरगा. त्याला घरातून नेण्याचा करार इथे होतोय आणि तो तिकडे खुशाल आरोळ्या ठोकतोय.

छायालेखक ग्रेग टोलंडने पुढचं, मधलं, मागचं सगळं एकदम स्पष्ट ठेवलंय. भरपूर उजेड, वाइड लेन्स (म्हणजे एका चौकटीत जास्त जागा मावणारी) आणि लेन्सचं छिद्र बारीक, असं जमवलं की ते साधतं. पण का साधायचं? प्रत्येकाचा वेगळा शॉट लावला असता, तर 'आता बिचाऱ्या पोराकडे बघा' असं दिग्दर्शकाने बोट धरून दाखवलं असतं. इथे बोट कुणी धरत नाही. सही बघता बघता आपलीच नजर खिडकीकडे जाते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त संवाद ऐकत बसलो होतो, हेही कबूल करतो.

पुढे हाच पोरगा, म्हणजे केन, मोठा होतो, वर्तमानपत्रांचा मालक होतो आणि मंदीत ताबा सोडायची वेळ येते. पुन्हा टेबल, पुन्हा कागद, मागे पुन्हा खिडक्या. दिसायला साध्याच. केन बोलत बोलत त्यांच्याकडे चालत जातो आणि लहान लहान होत जातो. जवळ पोचतो तेव्हा कळतं, खिडक्या अवाढव्य आहेत. त्यांच्याखाली हा एवढासा. हरलो, असं म्हणायची गरजच उरत नाही.

हे सगळं करायला मोठी जागा लागते असंही नाही. सिडनी लुमेटच्या १९५७ च्या '१२ अँग्री मेन'मध्ये बारा ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले नागरिक, वाद घालतात आणि जवळपास सगळी गोष्ट एका खोलीत घडते. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीत, शेवटी खाली; इतका, की छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या, म्हणजे मागचं पुढे ओढून आणणाऱ्या, होत गेल्या, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. खोली तीच आहे, बरं का. मग मंडळी बाहेर पडतात तेव्हा लुमेटने अख्ख्या चित्रपटातली सगळ्यात वाइड लेन्स लावली आणि कॅमेरा सगळ्यात उंच नेला. का, तर सगळ्यांना जरा हवा मिळावी म्हणून.