वाटीभर आंबा म्हणजे किती ग्रॅम?

[दृश्य : खंडेराव मार्केट, सकाळची वेळ. केसर आंबे, वजनकाटा.]

बडोद्याचं खंडेराव मार्केट. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, 1906 साली बांधलेली ही देखणी इमारत. उन्हाळा आला, की इथे केसरचा घमघमाट सुटतो. आंबा इथे किलोवर घ्यायचा. तोच दांडिया बझारातल्या मराठी घरात पोचला, की वाटीचा हिशेब सुरू होतो. आजीच्या वहीत लिहिलेलं असतं : 'दोन वाट्या फोडी, वाटीभर साखर.' आता या वाटीचे ग्रॅम करायचे कसे?

आधी एक बघून घ्या. किलोभर केसरमधून किलोभर गर निघत नाही. कोय आणि साल वजा जाता साधारण दोन तृतीयांश हाती लागतो, जात आणि पिकणं यांप्रमाणे थोडा कमी-जास्त. डाळिंबाचे दाणे तर निम्म्याहून जरासेच जास्त. कृतीत वजन दिलं असेल, तर ते अख्ख्या फळाचं की सोललेल्या, ते वाचूनच पिशवी भरावी.

[दृश्य : ओट्यावर काचेचा मापाचा कप. जवळून.]

हा 240 मिलीचा कप. यात आंब्याच्या फोडी मावतात सुमारे 165 ग्रॅम. फोडी काढून त्याच कपात आमरस ओतला, तर तो भरतो 240 ग्रॅमच्या आसपास. आंबा तोच, कपही तोच. मग हे पाऊणशे ग्रॅम आले कुठून?

फोडी परत कपात भरू आणि वरून हळूहळू पाणी सोडू. बघा, पाणी फोडींच्या फटींतून खाली उतरतंय, कडेने बुडबुडे वर येताहेत. काठापर्यंत येईतो जवळजवळ 80 मिली पाणी आत गेलं. भरलेला दिसणारा कप एक तृतीयांश रिकामाच होता! पपईचंही तसंच : फोडी 145 ग्रॅम, कुस्करलेली 230. केळ्याच्या चकत्या 150, कुस्करलेलं केळं 225.

म्हणून माझं ठाम मत : रस आणि गर खुशाल वाटीने मोजा, त्यांचं वजन पाण्याच्या जवळपासच असतं. फोडी मात्र काट्यावर ठेवा.

[दृश्य : स्वयंपाकघरातला छोटा काटा, स्टीलची वाटी.]

आपली वाटी किती मिलीची, हेही घरच्या घरी कळतं. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. समजा, 150 आले. मग या वाटीत आंब्याच्या फोडी साधारण 100 ग्रॅम, रस दीडशेच्या आसपास आणि साखर सव्वाशे ग्रॅम. हे आकडे वहीतल्या कृतीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे ही वही उघडणारीच्या हातात तीच वाटी असेल असं नाही.

शिऱ्यात दोन फोडी इकडे-तिकडे झाल्या तर काही बिघडत नाही. साखरांब्याचं तसं नाही. तो वर्षभर टिकवायचा असतो आणि त्याला टिकवते साखर. फळातलं पाणी ती धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. बाजारच्या जॅममध्येही विरघळलेले घटक, त्यात मुख्य साखरच, 65 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. साखर कमी पडली तर बरणीत बुरशी धरते, जास्त झाली तर पाकाचे खडे होतात.

आणि कैरीचा कीस तर वाटीला फारच फसवतो. सैल भरली तरी वाटी भरलेली दिसते. बोटांनी जरा दाबा, आणखी मूठभर कीस सहज मावतो. तेव्हा कैरी सोला, किसा, कोय बाजूला काढा आणि मग कीस काट्यावर घ्या. साखरही त्याच काट्यावर, त्या किसाच्या हिशेबाने.