दूध जातं डेअरीला, बोल लागतो बाईला

(दृश्य: पहाट, गोठा, बल्बचा उजेड. धारेचा आवाज आधी येऊ द्यायचा, मग निवेदन)

अमळनेर तालुका, बोरी नदीच्या काठचं गाव. सकाळचे पाच वाजलेत. चार म्हशी आणि हे एक पारडू, त्याला आधी सोडायचं, दोन-चार घोट पिऊ द्यायचं, मग म्हैस पान्हा सोडते आणि मग धार. घमेल्यात भिजत घातलीय ती सरकीची ढेप. खान्देशात कपाशी आहे म्हणून ढेप आहे आणि ढेप आहे म्हणून फॅट आहे, असं इथला कोणीही शेतकरी तुम्हाला सांगेल. धार काढतायत त्या आक्का. गावात सगळे आक्काच म्हणतात, खरं नाव टाकू नका म्हणाल्या म्हणून टाकलेलं नाही. हाताकडे नीट बघा, डावा हात मधेच थांबतो. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, तशी त्यांना येते. स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं झालं, आता रोजची गोळी चालू आहे.

(दृश्य: मोटारसायकलला किटल्या, कच्चा रस्ता, डेअरीसमोर रांग)

आता हे दूध कुठे जातं ते बघू. मुलगा किटल्या घेऊन निघाला. डेअरीवर रांग, प्रत्येकाच्या किटलीतून छोटा नमुना काढतात, मशीनच्या नळीखाली धरतात, काही सेकंदात आकडा येतो, फॅट इतकी, एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे घट्ट उरतं ते इतकं, आणि ही चिठ्ठी बाहेर. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून ठरतो, गायीला ३.५ आणि ८.५. त्याच्या खाली आलं की पैसे कापले, वर गेलं की दोन रुपये जास्त, म्हणून सगळ्यांचे डोळे त्या छोट्या स्क्रीनवर. पूर्वी हे लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा दाखवणारी काचेची नळी, बुडवून चालायचं, तेव्हा भांडणं जास्त व्हायची, आता मशीनशी कोण भांडणार. हा जो शॉट आहे ना, किटली उपडी करून शेवटचा थेंब निथळवणारा, तो मुद्दाम ठेवलाय.

कारण प्रश्न असा आहे की घरात किती राहिलं? लिटरभर. त्यात सगळ्यांचा सकाळचा चहा, नातवाचा ग्लास, म्हाताऱ्या सासऱ्यांची रात्रीची दूध-भाकरी, साय विरजणाला. आक्कांच्या वाट्याला काय, तर चहातलं दूध. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धार काढली, स्वतः ग्लासभर दूध कधी प्यायल्या ते त्यांना आठवत नाही, बाळंतपणात दिलं असेल तेवढंच.

आणि रिपोर्ट आला त्या दिवशी घरात पहिला प्रश्न कोणता निघाला?

(आक्का, कॅमेऱ्याकडे न बघता, अहिराणीत: "हाई दूध पीसनच व्हयनं का?" म्हणजे, हे दूध पिऊनच झालं का?)

हा प्रश्न त्यांचा स्वतःचा नाही. मोबाईलवर आलेला आहे. दूध म्हणजे कॅन्सर, दूध सोडा गाठ विरघळेल, एका परदेशी शास्त्रज्ञ बाईने करून दाखवलंय. त्या बाई खऱ्या आहेत. जेन प्लांट, ब्रिटनच्या भूरसायनशास्त्रज्ञ. १९८७ साली त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला, उपचार झाले, तो परत परत आला, १९९३ मध्ये मानेत गाठ आली. चीनमधल्या बायकांना हा आजार कमी आणि त्या दूध पीत नाहीत हे त्यांच्या डोक्यात बसलं, दूध, चीज, दही सगळं बंद केलं आणि गाठ गेली असं त्यांनी जगाला सांगितलं. पण त्याच दिवसांत त्यांची केमो चालू होती, आणि फॉरवर्ड करणारे नेमकी केमोच गाळतात. २०१६ मध्ये त्या गेल्या. एका माणसाची गोष्ट आहे, मनाला भिडते, पण गाठ कशाने गेली हे त्यातून कळत नाही.

(दृश्य: दुधाला उकळी, साय धरते, जवळून)

मग अभ्यास काय म्हणतात? हे ऐका, कारण ते एका सुरात बोलत नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, जवळपास ५३ हजार बायका, आठेक वर्षं नजर ठेवली. रोज एक कप दूध पिणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ५० टक्क्यांनी जास्त दिसला, दोन-तीन कपांत ७० ते ८०, आणि अगदी पाव कपालाही ३० टक्के असं त्यात येतं. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर आम्ही पण फॉरवर्डवालेच झालो. गंमत म्हणजे दूध फॅटवालं असो की बिनफॅटचं, फरक फारसा नव्हता, आणि दही-चीज खाणाऱ्यांत तर असा संबंधच ठळक दिसला नाही. चीनमधे पाच लाखांवर लोकांवर अकराएक वर्षं अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, त्यात रोजच्या दर ५० ग्रॅम दुधामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

आणि दुसऱ्या बाजूला जागतिक कर्करोग संशोधन निधी, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. त्यांचा २०१८ चा अहवाल म्हणतो की पाळी जायच्या आधी होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमधे दूधदुभतं खाणाऱ्यांचा धोका कदाचित थोडा कमीच असतो. कदाचित, पुरावा कमी आहे असं तेच लिहितात. ठाम पुरावा कशाचा, तर दारू, आणि पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन. अंगावर पाजल्याने धोका कमी होतो हेही बऱ्यापैकी पक्कं आहे.

हे सगळे नजर ठेवून केलेले अभ्यास, म्हणजे जे खातात त्यांना बघायचं, कोणाला काय होतं ते मोजायचं. जो दूध पितो तो बाकी काय खातो, वजन किती, पैसा किती, डॉक्टरकडे कधी जातो, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं आणि कितीही गाळलं तरी थोडं राहतंच. शंका घ्यायला जागा आहे, ती नाकारत नाही. गाभण जनावराच्या दुधात इस्ट्रोजेन असतं, दुधाने शरीरातलं आयजीएफ-१ नावाचं वाढीचं द्रव्य थोडं वाढतं. पण शंका आणि निकाल यात फरक आहे, आणि आमच्याकडे निकाल लावून मोकळे झालेले लोक फार.

(दृश्य: लोणी कढतंय, बेरी तळाशी. हा शॉट लांबवायचा)

तुपाचं मात्र वेगळं बोलायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे, आमरस आणि वर ही तुपाची धार. अमेरिकेत १,८९३ बायकांचा अभ्यास झाला, सगळ्यांना कॅन्सर होऊन गेलेला. फुल फॅट दूध, लोणी, चीज, आईस्क्रीम रोज खाणाऱ्यांमधे पुढच्या वर्षांत एकूण मृत्यू जास्त दिसले, कमी फॅटवाल्यांत तसं दिसलं नाही. म्हणून वजन वाढलेल्या बाईने साय आणि तुपाचा हात आखडता घेतला तर त्यात तोटा काही नाही. पण पथ्यानेच कॅन्सर परत येणं थांबतं, असंही नाही. अमेरिकेतच ३,०८८ बायकांचा मोठा प्रयोग झाला, अर्ध्या बायकांना भरपूर भाजी, फळं, चोथा आणि कमी चरबी, सात वर्षांनी बघितलं तर कॅन्सर परत येण्यात फरक नाही. त्याआधीच्या २,४३७ बायकांच्या कमी चरबीच्या प्रयोगात थोडा फायदा दिसला होता. अशी ही ओढाताण.

(दृश्य: स्वयंपाकघर, आक्कांचं ताट)

आता हे ताट बघा, केमोच्या दिवसांतलं म्हणून सुनेने परत वाढून दाखवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, अर्धी भाकरी, पातळ वरण, बास. दूध बंद, दही बंद, पनीर बंद, अंडं तर घरात येतच नाही. नणंद म्हणाली बंद, शेजारीण म्हणाली बंद, एक वैदू म्हणाला बंद. मग प्रोटीन येणार कुठून? केमोमधे तोंड येतं, मळमळतं, वजन उतरतं, पेशी घटतात आणि पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो. आक्कांचा एक डोस पुढे गेला.

खरं पथ्य वेगळंच होतं आणि ते कोणी सांगितलं नाही. धारोष्ण दूध नको. गोठ्यातून थेट पेल्यात, ताकद येते म्हणून आमच्याकडे आजाऱ्याला देतात ना, ते केमोत धोक्याचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या दुधातले जंतू जड जातात. उकळलेलं चालतं. घरचं ताजं दही खायचं की नाही ते आपल्या डॉक्टरला विचारायचं. आणि नंतरची जी गोळी असते, पाळी गेलेल्या बायकांना बरेचदा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात, तिने हाडं ठिसूळ होतात, म्हणजे कॅल्शियम हवंच. दुधातून नको वाटतं? ठीक आहे, नाचणी आहे, तीळ आहेत, राजगिरा आहे. पण दूधही सोडलं आणि नाचणीही नाही, असं चालत नाही.

(इथे निवेदन नाही. आक्का डोक्यावरच्या नव्या केसांवरून हात फिरवतात, तो शॉट पूर्ण जाऊ द्यायचा)

(दृश्य: आखाजी, झोके, माहेरी आलेल्या लेकी, गाणी)

गाठ हाताला लागली ती आखाजीच्या आधी. दुखत नव्हती, म्हणून सांगितली नाही. दवाखान्यात गेल्या पोळा झाल्यावर.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचे साधारण १ लाख ९२ हजार नवे पेशंट आणि ९८ हजार मृत्यू धरले गेले, आणि उशिरा येणं हे त्यातलं मोठं कारण. मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं प्रयोग केला, १९९८ ला सुरू झाला. मशीन नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, दोन वर्षांतून एकदा, हाताने तपासणी. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधे स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, तेही खरं. पण दुधाचा एक कप कमी करून एवढं कोणाच्या पदरात पडल्याचं आम्हाला कुठे सापडलं नाही.

(दृश्य: आशाताई रजिस्टर घेऊन गल्लीतून)

तिशीच्या पुढच्या बाईची ही हाताची तपासणी सरकारी आरोग्य केंद्राच्या कामात आहे, पैसे लागत नाहीत, फक्त जाऊन मागावी लागते, आणि लाज वाटते म्हणून मागत नाहीत. शूटिंगच्या आठवड्यात आक्का सुनेला आणि नणंदेला घेऊन तिथे जाऊन आल्या. आत कॅमेरा नेता आला नाही. बाहेर आल्यावर नणंदेने आम्हाला एवढंच विचारलं, हे दोन वर्षांनी परत करायचं का? हो, परत करायचं.